धावणारा क्वार्टरबॅक: लाट की पालट?

बाल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा, पास फेकणारा खेळाडू) लमार जॅक्सन २०२४ च्या हंगामात पासच्या जोरावर ४,००० हून अधिक आणि स्वतः धावून ९०० हून अधिक यार्ड मिळवणारा एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील पहिला खेळाडू ठरला. या विक्रमावर गेल्या अंकात छोटेसे टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच शंकेभोवती फिरत असल्याने हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: मी एनएफएलचे सामने पाहू लागलो तेव्हा टॉम ब्रेडी आणि पेटन मॅनिंग आपल्या लाइनमनच्या (पुढे उभे राहून प्रतिपक्षाला अडवणाऱ्या खेळाडूंच्या) आडोशाला उभे राहून पास फेकत आणि जिंकत. आता निम्म्याअधिक संघांचा क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन धावताना दिसतो. हा बदल कायमचा आहे, की चार-दोन असामान्य खेळाडूंमुळे आलेली लाट आहे?

बदल टिकणारा आहे असे माझे मत आहे. मात्र नेमके काय टिकणार हे सांगण्यापूर्वी दोन प्रकारच्या धावांमधला फरक लक्षात घ्यावा लागेल, कारण सामना पाहताना त्या सारख्याच दिसतात. पहिली निसटती धाव: पास फेकण्याचा बेत फसतो, समोरचे चाल करून येतात आणि क्वार्टरबॅक मिळेल त्या फटीतून निसटतो. दुसरी नियोजित धाव: चेंडू हातात येण्यापूर्वीच तो क्वार्टरबॅकने घेऊन पळायचा, किंवा पळायचे की नाही हे त्याने क्षणात ठरवायचे, असे प्रशिक्षकाने आखलेले असते. निसटती धाव या खेळात फार पूर्वीपासून आहे. गेल्या दीड दशकात जे खऱ्या अर्थाने बदलले ते दुसऱ्या प्रकारात, आणि त्यामागे अगदी साधी अंकगणिती बाब आहे.

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे तो घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या, हाती दिला की त्याचे काम संपते. एक जण चेंडू घेऊन पळतो, एक जण मागे उभा राहून पाहतो आणि वाट मोकळी करायला नऊ जण उरतात. समोर अडवणारे मात्र अकराच्या अकरा असतात. ही दोनाची तूट व्यावसायिक फुटबॉलने अनेक दशके निमूटपणे सोसली, कारण क्वार्टरबॅक हा संघाचा सर्वांत महागडा खेळाडू आणि त्याला टॅकलच्या (पकडून खाली पाडले जाण्याच्या) तोंडी देणे कोणालाच परवडणारे नव्हते. क्वार्टरबॅक पळू शकतो एवढे जरी प्रतिपक्षाला मान्य करावे लागले, तरी हा हिशोब फिरतो. रीड ऑप्शन या डावात बचावफळीच्या टोकाच्या एका खेळाडूला मुद्दाम कोणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक फक्त त्याच्याकडे नजर ठेवतो. तो रनिंग बॅककडे झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्यानेच मोकळ्या केलेल्या जागेतून पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू रनिंग बॅककडे जातो. त्या बचावपटूला कोणी हातही लावलेला नसतो, तरीही तो त्या डावापुरता निकामी होतो, आणि त्याला अडवण्यासाठी लागणारा लाइनमन दुसरीकडे वापरता येतो.

या डावात क्वार्टरबॅक प्रत्यक्षात किती यार्ड पळाला याला दुय्यम महत्त्व आहे. तो पळेल या भीतीने बचावफळी जागच्या जागी खिळून राहते आणि तिचा लाभ रनिंग बॅकला मिळतो. रेव्हन्सने २०१९ मध्ये संघ म्हणून ३,२९६ यार्ड धावून मिळवले आणि एका हंगामातील सांघिक विक्रम केला. त्यांतले १,२०६ जॅक्सनचे होते. उरलेले दोन हजारांहून अधिक यार्ड ज्यांनी मिळवले त्यांच्यासमोरची जागा बऱ्याच अंशी त्याच्या पायांच्या धाकाने मोकळी झाली होती.

पासच्या बाबतीतही असेच होते. प्रत्येक रिसीव्हरमागे (पास झेलणाऱ्यामागे) एकेक बचावपटू लावला की त्या सर्वांची पाठ क्वार्टरबॅककडे होते आणि तो निसटला तर पंधरा-वीस यार्डांपर्यंत त्याला पाहणारेसुद्धा कोणी नसते. म्हणून धावणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर बरेच संघ आपापली जागा सांभाळत, चेंडूवर डोळा ठेवून बचाव करणे पसंत करतात. बचाव कोणत्या पद्धतीचा असेल याचा अंदाज असा आधीच बांधता आला, तर पास फेकणाऱ्याचे निम्मे काम हलके होते.

आता पुरवठ्याकडे पाहू. एनएफएलला खेळाडू महाविद्यालयीन फुटबॉलमधून मिळतात आणि तिथे क्वार्टरबॅकला पळवणारे आक्रमण १९९० च्या दशकापासून पसरत गेले. तिथले नियमही त्याला पोषक आहेत. मैदानावर ज्या दोन तुटक रेषांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळ सुरू होतो, त्या रेषांमधले अंतर महाविद्यालयीन खेळात ४० फूट, तर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट आहे. त्यामुळे चेंडू कडेला असताना महाविद्यालयीन क्वार्टरबॅकला पळायला एका बाजूचे विस्तीर्ण रान मिळते. पास होण्यापूर्वी लाइनमनला किती पुढे जाता येते याचीही मर्यादा महाविद्यालयात तीन यार्ड आणि एनएफएलमध्ये एक यार्ड आहे, म्हणून धाव की पास हे शेवटच्या क्षणी ठरवण्याचे डाव तिथे अधिक सहज जमतात. वयाच्या चौदाव्या वर्षापासून असेच डाव खेळत आलेला मुलगा एनएफएलमध्ये दाखल होतो तेव्हा त्याला पूर्णपणे जुन्या साच्यात बसवणे म्हणजे त्याचे अर्धे कौशल्य फेकून देणे होय. पूर्वीचे प्रशिक्षक नेमके तेच करत. आताचे करत नाहीत.

तरीही एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: केवळ पळता येणे पुरेसे नाही आणि पुढेही पुरणार नाही. २०२४ च्या हंगामापर्यंत एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकने १,००० यार्डांचा टप्पा ओलांडल्याचे चारच हंगाम आहेत: मायकेल विकचा २००६ चा, जॅक्सनचे २०१९ आणि २०२० चे, आणि जस्टिन फील्ड्सचा २०२२ चा. फील्ड्सने त्या वर्षी १,१४३ यार्ड मिळवले आणि त्याच्या शिकागो बेअर्सने १७ पैकी ३ सामने जिंकले. याउलट जॉश अ‍ॅलनकडे पाहा. २०१८ मध्ये तो बफेलो बिल्सकडे आला तेव्हा त्याचे जेमतेम ५२.८ टक्के पास पूर्ण होत; २०२० मध्ये ते प्रमाण ६९.२ टक्क्यांवर गेले. पळण्याची ताकद त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. बिल्स मोठा संघ झाला तो मात्र त्याचा पास सुधारल्यावर, आणि २०२४ चा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला तो या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर.

म्हणून टिकणार आहे ती अट. क्वार्टरबॅकने पास उत्तम फेकला पाहिजे ही अट जुनीच आहे. त्याच्या पायांचा प्रतिपक्षाला विचार करावा लागला पाहिजे ही नवी अट तिला जोडली गेली आहे, आणि ती परत निघून जाईल असे मला वाटत नाही.

प्रश्न: विक पळत होता, कनिंगहॅम पळत होता, त्याही आधी टार्केंटन पळत होता. प्रत्येक वेळी "खेळ बदलला" असे म्हटले गेले आणि प्रत्येक वेळी खेळ पुन्हा पूर्वपदावर आला. या वेळी वेगळे काय आहे?

आपली शंका रास्त आहे. किंबहुना इतिहास आपण लिहिता त्याहूनही मागे जातो. या खेळाच्या आरंभीच्या दशकांत चेंडू थेट ज्याच्या हाती येई तो खेळाडू धावतही असे आणि पासही फेकत असे. १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने टी फॉर्मेशन वापरून वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला आणि त्यानंतर क्वार्टरबॅकला सेंटरच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणाऱ्या खेळाडूच्या) मागे उभे करून चेंडू वाटण्याचे आणि फेकण्याचे काम देणारी पद्धत सर्वत्र रुजली. धावणारा क्वार्टरबॅक हा नियमाला अपवाद झाला तो तिथपासून.

फ्रॅन टार्केंटनने १९६१ ते १९७८ या कारकिर्दीत ३,६७४ यार्ड धावून मिळवले, पण त्याच्या बहुतेक धावा निसटत्या होत्या. पास फेकायला जागा मिळावी म्हणून तो पळे, आणि निवृत्त झाला तेव्हा पासच्या यार्डांचा विक्रमही त्याच्याच नावावर होता. बॉबी डग्लसने १९७२ मध्ये १४ सामन्यांत ९६८ यार्ड मिळवले, परंतु त्याचे दहापैकी चार पाससुद्धा पूर्ण झाले नाहीत आणि त्याच्या बेअर्सला चारच विजय मिळाले. १९७८ मध्ये एनएफएलने नियम बदलले. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देण्यास मनाई झाली आणि लाइनमनला हात पूर्ण पसरून अडवण्याची मुभा मिळाली. पास फेकणे एकदम सोपे आणि फायद्याचे झाले, आणि क्वार्टरबॅकला पळवण्याचे फारसे कारणच उरले नाही.

रँडल कनिंगहॅमची गोष्ट मला या सगळ्यांत सर्वाधिक बोलकी वाटते. फिलाडेल्फिया ईगल्ससाठी त्याने १९९० मध्ये ९४२ यार्ड धावून मिळवले आणि त्याच हंगामात ३० टचडाउन पास (चेंडू गोललाइनपलीकडे पोहोचवून गुण मिळवून देणारे) फेकले. पुढच्या हंगामातील पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचे ते वर्ष वाया गेले. मिनेसोटा व्हायकिंग्जसाठी १९९८ मध्ये तो पुन्हा शिखरावर पोहोचला. संघाने १६ पैकी १५ सामने जिंकले आणि त्याने ३४ टचडाउन पास फेकले, पण तेव्हा तो क्वचितच पळत होता. त्याच्या उमेदीच्या काळात संघाचे आक्रमण त्याच्या पायांभोवती कोणी आखलेच नाही. तो पळे तो स्वतःच्या प्रतिभेने, बहुधा डाव मोडल्यावर. विकच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच झाले. २००६ मध्ये तो १,०३९ यार्ड धावला, एका हंगामात हजाराचा टप्पा ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला, तरी अटलांटा फाल्कन्सचा हंगाम सात विजय आणि नऊ पराभवांवर संपला आणि त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक पासच पूर्ण झाले.

स्टीव्ह यंग हा त्या काळातला खरा पूर्वसूरी. जानेवारी १९९५ मधील सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्याने सहा टचडाउन पास फेकले आणि त्याच सामन्यात धावूनही सर्वाधिक यार्ड त्यानेच मिळवले. मात्र त्याच्यासारखा पास फेकणारा तेव्हा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे त्याच्यावरून सर्वांसाठी धडा घेण्याची गरज कोणाला भासली नाही.

२०१२ मध्ये पहिल्यांदा ही कल्पना खेळाडूंकडून प्रशिक्षकांच्या डावांच्या वहीत गेली. वॉशिंग्टनचा रॉबर्ट ग्रिफिन तिसरा पहिल्याच हंगामात ८१५ यार्ड धावला, सिअ‍ॅटलकडे रसेल विल्सन होता, कॅरोलिनाकडे कॅम न्यूटन आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे कॉलिन कॅपर्निक. कॅपर्निकने जानेवारी २०१३ मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध १८१ यार्ड धावून कोणत्याही एनएफएल सामन्यातील क्वार्टरबॅकचा उच्चांक केला. तो नेवाडा विद्यापीठात पिस्टल फॉर्मेशन (क्वार्टरबॅक सेंटरच्या थोडा मागे आणि रनिंग बॅक त्याच्याही मागे, अशी रचना) खेळून आला होता आणि प्रशिक्षकांनी तेच फॉर्मेशन उचलून व्यावसायिक मैदानावर आणले. पुढच्या उन्हाळ्यात काही नामांकित प्रशिक्षकांनी रीड ऑप्शनला चार दिवसांचे कौतुक ठरवले. बचाव प्रशिक्षक तो थांबवण्याचे तंत्र शिकायला महाविद्यालयांत गेले, आणि लीगनेही स्पष्ट केले की हा डाव खेळताना चेंडू दिल्यानंतरही पळण्याचे सोंग करणाऱ्या क्वार्टरबॅकला पास फेकणाऱ्याचे संरक्षण मिळणार नाही. ग्रिफिनचा गुडघा तोवर मोडला होता, आणि कॅपर्निक हळूहळू उतरला. आपण म्हणता तसा खेळ पूर्वपदावर आल्याचा भास २०१५ च्या सुमारास नक्कीच झाला, त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान न्यूटनला मिळूनही.

पण डाव गेला नव्हता. त्याचे एकच एक रूप मागे पडले होते. तो तुकड्यातुकड्यांनी सर्व संघांच्या वहीत शिरला होता. याची तुलना २००८ च्या वाइल्डकॅटशी करून पाहावी. मायामी डॉल्फिन्सने रनिंग बॅक रॉनी ब्राउनच्या हाती थेट चेंडू देऊन न्यू इंग्लंडला ३८-१३ असे हरवले, सगळ्यांनी ती नक्कल केली आणि दोन-तीन वर्षांत ती बाजूला पडली. कारण उघड आहे: ब्राउन पास फेकण्याची भीती घालू शकत नव्हता, म्हणून अकराचा हिशोब एका बाजूने जुळला तरी दुसऱ्या बाजूने तुटत होता. लाट आणि पालट यांतला फरक मला इथे सापडतो. जो डाव एका वेळी एकच धमकी देतो त्याला उत्तर सापडते.

उत्तर शोधण्याचे प्रयत्न जॅक्सनसमोरही झाले. त्याच्या पहिल्या हंगामानंतर जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सने जवळजवळ संपूर्ण सामना सात चपळ बचावपटू खेळवून त्याला रोखले. पुढच्या हंगामात तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ३६ टचडाउन पाससह लीगमध्ये पहिला आला. चपळ पण हलके बचावपटू उभे केले की रेव्हन्स जड लाइनमन आणि टाइट एंड (अडवणारे आणि पासही झेलणारे धिप्पाड खेळाडू) पुढे करून त्यांना बाजूला सारत. जड खेळाडू आणले की जॅक्सन त्यांच्या बाजूने निसटत असे. प्रत्येक उपायाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि हेच विकच्या काळात नव्हते.

प्रश्न: इतक्या मौल्यवान खेळाडूला टॅकल होऊ देणे हा वेडेपणा नाही का? दुखापतींमुळेच हा प्रकार आपोआप संपेल असे वाटते.

दुखापतीचा धोका खरा आहे, परंतु तो जिथे दिसतो तिथेच नेहमी नसतो. पळणारा क्वार्टरबॅक अंगावर येणाऱ्याला पाहत असतो. तो पाय पुढे करून घसरत खाली बसू शकतो, आणि मग त्याच्यावर आदळणाऱ्यास दंड होतो, किंवा सीमारेषेबाहेर जाऊ शकतो. पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमनच्या आडोशाला, उभा असलेला क्वार्टरबॅक दूरवर पाहत असतो आणि त्याला मागून किंवा पायांवर बसणारा धक्का दिसतच नाही. २०२३ मध्ये अ‍ॅरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडून अवघे चार डाव खेळला आणि टाचेचा स्नायुबंध तुटून त्याचा हंगाम संपला; तेव्हा तो पॉकेटमध्ये होता. २०२२ मध्ये जॅक्सनला ज्या गुडघेदुखीने उरलेल्या हंगामाला मुकावे लागले, तीही तो पास फेकण्यासाठी मागे उभा असताना प्रतिपक्षाने त्याला गाठल्यामुळे झाली होती.

हे मान्य करूनही मी आपल्याशी अर्धा सहमत आहे, आणि त्याचे कारण कॅम न्यूटन आहे. सहा फूट पाच इंच उंचीचा हा दणकट खेळाडू वारंवार गोललाइनवर गर्दीत घुसवला गेला. २६ व्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. २०१७ आणि २०१९ मध्ये त्याच्या फेकीच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाल्या, २०१९ च्या हंगामात तो दोनच सामने खेळू शकला आणि मार्च २०२० मध्ये कॅरोलिनाने त्याला सोडून दिले. पुढच्या हंगामात न्यू इंग्लंडसाठी त्याने धावून १२ टचडाउन केले, पण त्याचे टचडाउन पास केवळ ८ होते. पाय शिल्लक होते आणि हात संपला होता. एका फार मोठ्या खेळाडूला त्याच्या संघाने वापरून संपवले असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

धावणारा क्वार्टरबॅक या प्रकाराला दुखापती संपवणार नाहीत, पण एकेका खेळाडूच्या धावण्याचे आयुष्य त्या कमी करतात. शहाणे संघ आता त्या मर्यादेला धरून आखणी करतात. जॅक्सनने २०१९ मध्ये १५ सामन्यांत १७६ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती. २०२४ मध्ये १७ सामन्यांत १३९ वेळा. त्याच २०२४ मध्ये त्याने ४१ टचडाउन पास फेकले आणि त्याचे फक्त ४ पास प्रतिपक्षाने पळवले. तो कमी पळतो, पण पळू शकतो हे कोणी विसरत नाही. ज्यांना पास सुधारण्याआधीच अंगावर घाव झेलावे लागतात त्यांची स्थिती मात्र बिकट होते. इंडियानापोलिस कोल्ट्सने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत) चौथ्या क्रमांकावर घेतलेला अँथनी रिचर्डसन पहिल्या हंगामात चार सामन्यांनंतर खांदा दुखावून बाहेर गेला, आणि शिकण्याचे जे वर्ष त्याला सर्वांत आवश्यक होते तेच हातून निसटले. दुसऱ्या हंगामात त्याचे निम्मे पासही पूर्ण झाले नाहीत.

प्रश्न: "धावणारा क्वार्टरबॅक" हा शब्द कृष्णवर्णीय खेळाडूंसाठीच जास्त वापरला जातो असे मला जाणवते. यात तथ्य आहे का?

तथ्य आहे, आणि या विषयावर लिहिताना ते टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक पळू शकतात पण विचार करून पास फेकू शकत नाहीत, हा समज अमेरिकन फुटबॉलने अनेक दशके बाळगला आणि तो अन्यायकारक होता. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजसाठी क्वार्टरबॅक म्हणून खेळला आणि पहिल्याच हंगामात त्याने १४ टचडाउन पास फेकले; पुढच्या वर्षी त्याला ती जागाच मिळाली नाही आणि बफेलोमध्ये त्याला रिसीव्हर व्हावे लागले. वॉरन मून १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कोणी निवडला नाही. कॅनडात एडमंटनसाठी पाच ग्रे कप (तिथल्या लीगची अजिंक्यपदे) जिंकल्यावरच एनएफएलचे दार त्याला उघडले. मून काही धावण्यासाठी ओळखला जात नव्हता. त्याचा पास अप्रतिम होता. जानेवारी १९८८ मध्ये एकाच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पाव भागात) चार टचडाउन पास फेकून वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून देणारा डग विल्यम्स हाही पॉकेटमध्ये उभा राहणाराच खेळाडू.

या इतिहासाचा आपल्या मूळ विषयाशी थेट संबंध आहे. २०१८ च्या ड्राफ्टपूर्वी जॅक्सनने रिसीव्हर व्हावे असे उघडपणे सुचवले गेले. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी जिंकलेल्या या खेळाडूआधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले आणि तो पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर गेला. त्याच्यासारख्या किती जणांना आधीच्या पिढ्यांत रिसीव्हर किंवा बचावपटू केले गेले असेल, याचा विचार करावा. धावणारे क्वार्टरबॅक एकाएकी जन्माला येऊ लागले नाहीत. त्यांना त्या जागी राहू देण्यात येऊ लागले. फेब्रुवारी २०२३ मधील सुपर बोलमध्ये पॅट्रिक महोम्स आणि जॅलन हर्ट्स समोरासमोर आले तेव्हा दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची ती पहिलीच वेळ होती. हा बदल उलटणार नाही असे मी म्हणतो त्याचे हे माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम कारण आहे, कारण डाव जुने होतात, पण एकदा उघडलेले दार बंद करणे अवघड असते.

प्रश्न: ईगल्सच्या "टश पुश" डावावर बंदी आली, तर क्वार्टरबॅकच्या धावा कमी होतील का?

फारशा नाहीत. या डावात एक-दोन यार्ड हवे असताना हर्ट्स सेंटरच्या मागे वाकून पुढे घुसतो आणि मागचे सहकारी त्याला ढकलतात. पॅकर्सने त्यावर बंदीचा प्रस्ताव मांडला होता. मे २०२५ मध्ये ३२ पैकी २२ संघांनी बाजूने मत दिले, आवश्यक होती २४. हा डाव टचडाउनचे आकडे फुगवतो हे खरे आहे, आणि हर्ट्सने २०२३ मध्ये धावून केलेल्या १५ टचडाउनकडे पाहताना ते ध्यानात ठेवावे. पण हर्ट्स त्याच्यामुळे धावणारा क्वार्टरबॅक ठरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असे हरवले तेव्हा त्याने ७२ यार्ड धावून सुपर बोलमधील क्वार्टरबॅकचा स्वतःचाच ७० यार्डांचा विक्रम मोडला. एकेक यार्ड ढकलून घेत ७२ होत नाहीत.

प्रश्न: पॉकेटमध्ये उभे राहून खेळणारे आता नामशेष होणार का? आणि आपले म्हणणे खरे ठरते आहे की नाही, हे येत्या काही वर्षांत आम्ही कशावरून ओळखावे?

नामशेष होणार नाहीत. मॅथ्यू स्टॅफर्डने फेब्रुवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला आणि तो काही पायांच्या जोरावर नव्हे. जो बरो आणि जॅरेड गॉफ यांच्या दर्जाविषयीही कोणी शंका घेणार नाही. उत्कृष्ट पास फेकणाऱ्याला जागा राहीलच. मात्र त्याच्या पासने ती दोन खेळाडूंची तूट भरून काढली पाहिजे, आणि तेवढा पास फेकणारे फार थोडे असतात. मध्यम प्रतीचा, न हलणारा क्वार्टरबॅक पूर्वी दहा-दहा वर्षे नोकरी टिकवत असे. त्याची जागा गेली आहे असे मला वाटते.

कशावरून ओळखावे, तर धावून मिळवलेल्या यार्डांच्या एकूण बेरजेवर फार विसंबू नये. एनएफएलमध्ये सामना संपवण्यासाठी क्वार्टरबॅक गुडघा टेकतो तीही धाव म्हणूनच नोंदली जाते आणि तिचे यार्ड वजा होतात. महाविद्यालयात तर पास फेकण्यापूर्वी पकडले गेल्याचे नुकसानही धावण्यातूनच वजा करतात, म्हणून तिथल्या आणि इथल्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. पगाराकडे पाहिले तर २०२३ मध्ये हर्ट्सला पाच वर्षांसाठी २५ कोटी ५० लाख डॉलरचा आणि जॅक्सनला तितक्याच वर्षांसाठी २६ कोटी डॉलरचा करार मिळाला, यावरून मालकांचा विश्वास कळतो. पण मोठ्या खेळाडूंवर पैसा नेहमीच लावला जातो.

मी स्वतः राखीव क्वार्टरबॅककडे पाहतो. एखादा संघ आपल्या मुख्य खेळाडूच्या पायांचे केवळ कौतुक करत असेल, तर त्याचा राखीव खेळाडू कोणीही अनुभवी, संथ, सुरक्षित पास फेकणारा असतो आणि मुख्य खेळाडू बाहेर गेला की आक्रमण मुळापासून बदलते. संघाची वहीच नव्या पद्धतीने लिहिलेली असेल, तर राखीव खेळाडूही तेच डाव खेळू शकणारा लागतो. रेव्हन्सने जॅक्सनच्या मागे आधी रॉबर्ट ग्रिफिन तिसरा आणि नंतर टायलर हंटली यांना ठेवले, दोघेही पळणारे. २०२४ मध्ये वॉशिंग्टनने जेडन डॅनियल्सला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतले, त्याने ८९१ यार्ड धावून पहिल्या हंगामातील क्वार्टरबॅकचा विक्रम ग्रिफिनकडून घेतला, आणि त्याच्या मागे बसवलेला मार्कस मारियोटासुद्धा पायांसाठी ओळखला जाणारा होता. येत्या काही हंगामांत उरलेल्या संघांच्या राखीव बाकावर कोण बसते ते आपण पाहावे आणि जे दिसेल ते आम्हाला जरूर कळवावे.